पोच मिळाली, उत्तर नाही

१८९७ सालच्या पहिल्या तीन महिन्यांत हिंदुस्थानातल्या इंग्रज सरकारने तीन गोष्टी केल्या. त्या कुणी एकत्र ठेवून पाहत नाही.

पहिली सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईत प्लेग होता, पुण्याच्या वेशीवर पोचला होता. कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात जानेवारीच्या अखेरीस विधेयक आले आणि ४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा झालासुद्धा. जेमतेम आठवडा. कायदा चार कलमांचा. सरकारला योग्य वाटतील ते उपाय जाहीर नोटिशीने लागू करता येतील आणि सद्‌भावनेने केलेल्या कशाबद्दलही कुणावर दावा लावता येणार नाही, हे त्याचे सार. लोकांना आधी विचारावे असे त्यात कुठे नव्हते. त्या कायद्याच्या जोरावर पुण्यात घरझडत्या कशा झाल्या आणि २२ जूनला काय घडले, हे शाळेतली मुलेही सांगतात.

दुसरी गोष्ट ११ मार्चची. त्याच कौन्सिलाने जनरल क्लॉजेस अॅक्ट मंजूर केला. वकिलांखेरीज हा कायदा कुणी वाचत नाही, आणि न वाचणाऱ्यांना दोषही देता येणार नाही, कारण कायद्यांची भाषा कशी लावायची एवढेच त्यात आहे. पण त्याचे २३वे कलम आपल्या आयुष्यात रोज डोकावते. एखाद्या कायद्याने ‘पूर्वप्रसिद्धी करून’ नियम करायला सांगितले असेल, तर आधी मसुदा छापायचा, कोणत्या तारखेनंतर तो विचारात घेतला जाईल ते सांगायचे, आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्यायच्या. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात जी जाहीर सूचना असते, तिची कुळी ही. त्याच कलमाच्या शेवटी एक ओळ आहे. नियम एकदा राजपत्रात छापला, की तो रीतसर झाला याचा तो छापील कागद हाच निर्णायक पुरावा. म्हणजे हरकती खरोखर कुणी वाचल्या का, हा प्रश्न विचारायची वाट कलमानेच अरुंद करून ठेवली.

तिसरी गोष्ट त्याच मार्च महिन्यातली, मुंबई सरकारची. १८९६च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसे गावोगाव हिंडून शेतकऱ्यांना सांगत होती की दुष्काळ संहितेप्रमाणे तुम्हाला काय काय मिळायला हवे. सभा तेव्हा टिळकांच्या हाती होती. सरकारने ठराव काढला: सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारला काही कळवण्याचा कोणताही हक्क या संस्थेला यापुढे नाही.

एका हाताने हरकतीची पेटी लावली, दुसऱ्या हाताने पेटीत कागद कुणी टाकायचा ते ठरवले. पेटीचा पुढचा सव्वाशे वर्षांचा प्रवास पाहिला, तर ती मोठी होत गेली, तिच्यावरची भाषा बदलली, ती जिल्ह्याच्या गावी आणि मग संकेतस्थळावर आली. एकच गोष्ट तिच्यात कधी नीट बसली नाही. आत टाकलेल्या कागदाला उत्तर द्यायचे बंधन.

सभेचा हक्क काढून घेतला तो का बोचला असेल, हे समजायला आणखी सत्तावीस वर्षे मागे जावे लागते. २ एप्रिल १८७० रोजी सभा स्थापन झाली तेव्हा तिच्या चालकांनी एक विलक्षण अट घातली होती. सभासद व्हायचे तर निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. पंच्याण्णव सभासद, त्यांच्यामागे सुमारे सहा हजार माणसे. निवडणुका नव्हत्या, विधिमंडळात जागा नव्हत्या. तेव्हा ‘तुम्ही कोण?’ या साहेबाच्या नेहमीच्या प्रश्नाला गणेश वासुदेव जोशींनी आणि मंडळींनी शोधलेले हे उत्तर होते. अर्ज करणारा एकटा नाही, हे कागदावर दाखवायचे. मला ही युक्ती भारतीय राजकारणातल्या सर्वांत हुशार युक्त्यांपैकी एक वाटते. तिची मर्यादाही उघड आहे. मुखत्यारपत्र आणू शकणारे कोण होते? सरदार, वकील, सावकार, पेन्शनर. ज्यांच्या वतीने दुष्काळाचे अर्ज लिहिले गेले, त्यांच्यातला अर्ज लिहिणारा विरळा.

असा विरळा माणूस १८८२ साली पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे आला. १९ ऑक्टोबरची तारीख असलेल्या आपल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सरकारी शिक्षणाचा हिशेबच मांडला. सारा भरतो शेतकरी आणि त्यातून चालणारी उच्च शिक्षणाची सोय लाटतात वरचे वर्ग. मागणी नेमकी होती. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा, शिक्षक शेतकरी जातींतून तयार करा. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी मराठीत साक्ष दिली. मुलींच्या शाळांना स्त्री निरीक्षक हव्यात, स्त्री डॉक्टर तयार व्हायला हव्यात, असे त्यांचे म्हणणे. ती इंग्रजीत उतरवून घेतली गेली आणि तिची चर्चाही झाली. आयोगाने दोघांचे ऐकले, छापलेही. सक्ती मात्र शिफारशीत आली नाही. प्राथमिक शाळा स्थानिक बोर्डांच्या गळ्यात पडल्या. फुल्यांच्या सूचनेसारखा देशव्यापी कायदा व्हायला २००९ साल उजाडले. आयोगाने ती का नाकारली, याचे उत्तर फुल्यांना मिळाल्याचे इतिहासात नाही. ते द्यावे असे कुणाला वाटलेही नसावे. साक्ष ही राज्यकर्त्याची माहिती गोळा करण्याची रीत होती. साक्षीदाराशी करार नव्हता.

जमिनीच्या बाबतीत तर एवढेही नव्हते. १८९४च्या भूसंपादन कायद्यात मालकाला किमतीबद्दल भांडता येत होते. जमीन घ्यावी की नाही याबद्दल बोलायची सोयच नव्हती. कलकत्त्यात एझ्रा नावाच्या बड्या जमीनमालकाने हा मुद्दा १९०२ मध्ये उच्च न्यायालयात नेला. न्यायालयाने सांगितले, कायद्यात ऐकून घेण्याचा हक्क नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९०५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. कलकत्त्यातल्या धनिकाची ही गत, तर मावळातल्या कुळाची काय असणार?

मावळातल्या कुळाने ते १९२१ साली दाखवले. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळशी पेट्यात धरण बांधायचे होते, पन्नासएक गावे बुडणार होती. कायदा सरकारला कंपनीसाठीही जमीन घेऊ देत होता. रामनवमीच्या दिवशी मावळे बांधाच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, तुरुंगात गेलेल्या बायाबापड्या, ‘जान किंवा जमीन’. हा इतिहास लिहिला गेला आहे. इथे पाहायचे ते इतकेच, की त्या माणसांना हरकत नोंदवायला सरकारी टेबल नव्हते. म्हणून त्यांनी कामावर बसून ती नोंदवली. धरण झाले. गावे गेली.

आणि १९२३ मध्ये, मुळशीचा लढा चालू असतानाच, भूसंपादन कायद्यात ५-अ हे नवे कलम घालण्यात आले. मुळशीमुळेच ते आले असे म्हणायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. एझ्रा खटल्यापासून ती उणीव बोलली जात होती. दुरुस्तीच्या उद्देशात मात्र सरकारने स्वतःच कबुली दिली होती की मालकाला हरकतीचा हक्क नाही आणि आलेल्या हरकती विचारात घ्यायचे बंधन आमच्यावर नाही. नव्या कलमाने तीस दिवस दिले. हरकतदाराने कलेक्टरापुढे यायचे, स्वतः किंवा वकिलामार्फत बोलायचे; कलेक्टराने अहवाल वर पाठवायचा; निर्णय सरकारचा, आणि तो अंतिम.

या रचनेपाशी थोडे थांबायला हवे, कारण पुढची शंभर वर्षे हीच घडण सगळीकडे छापली गेली. जो ऐकतो तो ठरवत नाही. जो ठरवतो त्याने ऐकलेले नसते. मधे असतो एक अहवाल, म्हणजे कारकुनाने केलेला गोषवारा. माणूस दोन तास पोटतिडकीने बोलतो. गोषवाऱ्यात त्याचे होते: ‘हरकतदाराने जमीन उपजीविकेचे साधन असल्याचे नमूद केले. प्रकल्प सार्वजनिक हिताचा असल्याने हरकत अमान्य करण्यास हरकत नाही.’ हा नमुना माझा, पण सरकारी टिपणी ज्याने वाचली आहे त्याला तो अनोळखी वाटणार नाही. खरी सत्ता बोलू देण्यात किंवा न देण्यात नाही, या गोषवाऱ्याच्या लेखणीत आहे. पुन्हा १७व्या कलमात पळवाट ठेवलेलीच होती. निकड आहे असे सरकारला वाटले की ५-अची सुनावणीच रद्द. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनी ही निकड इतक्या सढळ हाताने वापरली, की सर्वोच्च न्यायालयाला वारंवार आठवण करून द्यावी लागली की ५-अ हा पोकळ उपचार नव्हे. २०१३च्या नव्या भूसंपादन कायद्याने मुदत साठ दिवस केली, सामाजिक परिणामांचा अभ्यास आणला, खासगी प्रकल्पांना संमतीची अट घातली. हरकतीची घडण मात्र तीच राहिली: कलेक्टराने ऐकायचे, सरकारने ठरवायचे. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जाणार असेल तर मुदत एकवीस दिवस.

इथवर वाचून असे वाटेल, की लोकांच्या हरकती मोजल्या असत्या आणि बहुमताने निकाल लावला असता तर प्रश्न मिटला असता. तसे नाही, आणि याचा पुरावा घरचाच आहे. १९४४ मध्ये बी. एन. राव समितीने हिंदू संहितेचा मसुदा प्रसिद्ध केला, देशी भाषांत उतरवून वाटला, आणि १९४५च्या आरंभी मुंबई, पुणे, नागपूर धरून देशभर फिरून साक्षी घेतल्या. पुण्याच्या लॉ कॉलेजचे घारपुरे समितीत होते. मुलीला वारसा, बायकोला घटस्फोट, या कल्पनांविरुद्ध सनातन्यांनी आघाडी उघडली. साक्षींमध्ये विरोधाचा सूर मोठा होता. समितीतलेच एक सदस्य द्वारकानाथ मित्तर यांनी तो विरोध पुढे करून भिन्नमत लिहिले. डोकी मोजली असती तर बिल तिथेच मेले असते. कारण पत्र लिहिणारे, सभा भरवणारे, तारा करणारे कोण होते? ज्यांच्या हातात संपत्ती होती ते. ज्या विधवेला वाटा मिळणार होता तिच्याकडे टपालाचे तिकीट नव्हते. आंबेडकरांनी पुढे हे बिल रेटले आणि त्यावरून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. संहितेचे तुकडे १९५५-५६ मध्ये मंजूर झाले. समितीने संख्येपुढे मान तुकवली नाही हे बरेच झाले. पण तिने आणखी एक केले, ते जास्त मोलाचे: आपण का मान तुकवत नाही, ते अहवालात सविस्तर लिहिले.

शहररचनेतही हरकत आली. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात विकास आराखड्यावर हरकती मागवायच्या, मग नियोजन समितीने त्या ऐकायच्या अशी सोय आहे. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. म्हणजे मुंबईएवढ्या शहराचे म्हणणे सात माणसांनी ऐकायचे. २०१५ मध्ये मुंबईचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात इतक्या चुका निघाल्या, की मंदिरे, चर्च, जुन्या वस्त्या, आरेची झाडी, कुणालाच आपली जागा ओळखता येईना. लोकांनी वॉर्डावॉर्डांत नकाशे पसरून वाचले. हजारो हरकती पडल्या, आणि मुदत संपायच्या आतच, एप्रिलमध्ये, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी आराखडा नव्याने करायला सांगितले. हरकतीचा हा विजय होता का? होता. पण महापालिकेची निवडणूक दोन वर्षांवर होती आणि आरडाओरडा करणाऱ्यांत वास्तुविशारद, पाद्री, संपादक सगळेच होते, हेही खरे.

धारावीच्या गल्लीतल्या किंवा वाढवणच्या किनाऱ्यावरच्या हरकतीला हे पाठबळ नसते. तिच्यासाठी जनसुनावणी आली.

पर्यावरण परवानगीची अधिसूचना १९९४ ची. जनसुनावणी त्यात एप्रिल १९९७ मध्ये घातली गेली आणि सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेने तिची आजची रीत ठरली. जिल्हाधिकाऱ्याने किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाच्या प्रतिनिधीने अध्यक्षपद घ्यायचे, तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, चित्रीकरण, इतिवृत्त. कागदावर ५-अपेक्षा कितीतरी पुढचे पाऊल. इथे नुसत्या जमीनमालकाला नव्हे, परिसरातल्या कुणालाही बोलता येते. पण त्या नियमांत एक वाक्य असे आहे की ते वाचून मी चाट पडलो होतो. सुनावणी सुरू करण्यासाठी गणसंख्येची अट नाही. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेला गणसंख्या लागते, सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेला लागते. हजारो माणसांचे जगणे ज्यावर ठरते ती सुनावणी रिकाम्या मांडवातही कायदेशीर. बहिष्कार टाकला तरी ती झाली असेच इतिवृत्त सांगते. मतदान घ्यायचे नसतेच. आणि अहवाल लिहिणारी संस्था नेमतो, पैसे देतो, तो प्रकल्पवाला.

जैतापूरची सुनावणी १६ मे २०१० रोजी झाली. ९,९०० मेगावॉटचा अणुप्रकल्प, ‘नीरी’ या संशोधन संस्थेने केलेला जाडजूड अहवाल, आणि गावकऱ्यांची तक्रार की मराठीतला मजकूर आमच्या हाती वेळेवर आलाच नाही. नोव्हेंबरच्या २८ तारखेला पस्तीस अटींसह मंजुरी मिळाली. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आठवडाभरात भारतात यायचे होते. वाढवण बंदराची सुनावणी १९ जानेवारी २०२४ला पालघरला झाली, मच्छीमारांनी विरोध केला, फेब्रुवारीत मंजुरी आली. खर्च ७६,२०० कोटी. या दोन्ही ठिकाणी हरकती ‘विचारात घेतल्या’ याची कागदोपत्री नोंद आहे. इतक्या वेगाने काय विचार झाला असेल, तो ज्याने त्याने अजमावावा.

रायगडमध्ये मात्र एकदा उलटे घडले. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) पेण तालुक्यातल्या जमिनी जाणार होत्या. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली ओलिताची भातशेती. एन. डी. पाटील, उल्का महाजन आणि शेतकऱ्यांच्या संघटनेने सुनावणीत बोलून समाधान मानले नाही; आम्हाला मत द्यायचे आहे म्हणाले. २१ सप्टेंबर २००८ रोजी बावीस गावांत जिल्हा प्रशासनानेच शेतकऱ्यांचा कौल घेतला. हो की नाही, एवढेच. कौल सेझच्या विरोधात गेला. त्याचा अहवाल वर गेला, पुढे भूसंपादनाची मुदत सरली आणि प्रकल्प बारगळला. भूसंपादनाच्या शतकभराच्या इतिहासात असा दिवस मला दुसरा सापडत नाही. आणि तो पुन्हा येऊ नये याची काळजी तेव्हापासून सगळ्याच सरकारांनी घेतलेली दिसते.

हरकतीला उत्तर देणे अशक्य असते, कामे खोळंबतात, असे मंत्रालयात ऐकू येते. त्याला महाराष्ट्रातच चालतेबोलते उत्तर आहे, आणि त्याची मुळे एन्रॉनच्या फजितीत आहेत. १९९३च्या डिसेंबरात वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला, तो गुपचूप. जनतेला त्याची कलमे कळली ती बरीच नंतर, आणि बिल भरायची वेळ आली तेव्हा राज्य घामाघूम झाले. पुढे १९९९ मध्ये वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि दरवाढीवर जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्था, ग्राहक पंचायतीचे लोक, इचलकरंजीचे यंत्रमागवाले, शेतकरी, सगळे तिथे आकडे घेऊन जाऊ लागले. आयोगाचा दर आदेश उघडून पाहा. कंटाळवाणा आहे, शेकडो पानांचा आहे, पण त्याची मांडणी बघण्यासारखी असते. आधी ग्राहकांचा आक्षेप, मग वीज कंपनीचे उत्तर, मग आयोगाचा निर्णय व त्याची कारणे. एकेक मुद्द्यावर. दर तरीही वाढतात, ग्राहक तरीही हरतो. पण का हरलो हे त्याला कळते, आणि पुढच्या अपिलात त्या कारणाला धरून भांडता येते. २००३च्या वीज कायद्याने प्रस्ताव फेटाळायचा तर लेखी कारणे द्यायचे बंधनही घातले.

उत्तराचा हक्क कुणाला लवकर मिळाला, याची एक कडू गोष्ट दूरसंचार क्षेत्रात आहे. २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम केला: फोन मधेच तुटला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन. मोबाइल कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मे २०१६ मध्ये न्यायालयाने नियम रद्द केला. कंपन्यांच्या आक्षेपांना ट्रायने नीट उत्तर दिले नाही हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. त्याच निकालात न्यायालयाने संसदेला सुचवले की अमेरिकेतल्या १९४६च्या कायद्यासारखा कायदा करा, म्हणजे नियम करताना हरकती मागवणे आणि कारणांसह उत्तर देणे सर्वच खात्यांना बंधनकारक होईल. तत्त्व सोन्यासारखे. पण ते प्रस्थापित झाले ते ग्राहकाचे तीन रुपये वाचवणाऱ्या नियमाविरुद्ध, देशातल्या सर्वांत महागड्या वकिलांच्या तोंडून. मासेमारीचे जाळे खांद्यावर घेतलेल्या माणसाला ‘माझ्या आक्षेपाला उत्तर द्या’ असे म्हणायला तो निकाल अजून कामी आलेला नाही. संसदेने तसा कायदाही केलेला नाही. केंद्र सरकारचे २०१४चे एक धोरण आहे, विधेयकाचा मसुदा तीस दिवस लोकांपुढे ठेवावा असे सांगणारे. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. मोडले तर कुणी विचारत नाही.

भाषेचा प्रश्न २०२० मध्ये ऐरणीवर आला. पर्यावरण परवानगीचे नियम सैल करणारा मसुदा मार्चमध्ये निघाला, देश टाळेबंदीत होता. मसुदा इंग्रजीत आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत तो उतरवायला सांगितला. केंद्र सरकार या आदेशाविरुद्ध भांडत सर्वोच्च न्यायालयात गेले. राजभाषा कायद्यात हिंदी-इंग्रजीपलीकडचे बंधन नाही, असा त्यांचा युक्तिवाद. सरन्यायाधीशपदी तेव्हा नागपूरचे शरद बोबडे होते. त्यांनी सरकारलाच विचारले की दूरच्या गावातल्या माणसाला हे समजणार कसे, कायदा बदलता येईल का पाहा. लाखोंच्या घरात हरकती गेल्या. तो मसुदा कधी अंतिम झालाच नाही. त्यातल्या बऱ्याच गोष्टी मात्र पुढे कार्यालयीन ज्ञापनांतून, एकेक करून, आल्या. ज्ञापनावर हरकती मागवाव्या लागत नाहीत.

हा पवित्रा आता रुळला आहे. राज्यात तो शासन निर्णयाच्या रूपाने दिसतो. २६ जानेवारी २०२४ रोजी वाशीत मराठा आंदोलकांच्या गर्दीपुढे कुणबी दाखल्यांबाबतच्या ‘सगेसोयरे’ अधिसूचनेचा मसुदा आला आणि १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती मागवल्या गेल्या. लाखो आल्या, दोन्ही बाजूंनी. मसुदा तिथेच अडकून राहिला. २ सप्टेंबर २०२५ला त्याच दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटबद्दलचा जो निर्णय झाला तो शासन निर्णय होता, त्यावर कुणाची हरकत मागवायची गरज पडली नाही. त्याच वर्षी पहिलीपासून हिंदीचे दोन शासन निर्णय निघाले तेव्हाही हरकतीची पेटी कुठेच नव्हती. लोक रस्त्यावर आले, आणि जूनअखेरीस दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. मसुदा हा आता बऱ्याचदा कायद्याची पहिली पायरी नसतो. जमावाला देण्याजोगी तेवढ्यापुरती वस्तू असतो.

सर्वांत लांबलेला मसुदा सह्याद्रीचा आहे. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये दिला. मंत्रालयाने तो दडवला. माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला. समितीचे म्हणणे होते की तो स्थानिक भाषांत गावोगाव न्या, ग्रामसभांना ठरवू द्या. त्याऐवजी कस्तुरीरंगन गट नेमला गेला. मग मार्च २०१४ मध्ये ५६,८२५ चौरस किलोमीटर परिसर संवेदनशील ठरवणारी मसुदा अधिसूचना निघाली. त्यात महाराष्ट्राचे १७,३४०, गोव्याचे १,४६१. साठ दिवस, हरकती व सूचना. ठरलेल्या मुदतीत अंतिम न झाल्याने मसुदा गळला. २०१५ मध्ये पुन्हा, २०१७, २०१८, २०२२. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४चा, वायनाडच्या दरडींनी गावे गाडली त्याच्या दुसऱ्या दिवसाचा. दर वेळी नवे साठ दिवस. यातल्या सर्वांत वजनदार हरकती कुणाच्या होत्या? राज्य सरकारांच्या. क्षेत्र कमी करा, खाणी वगळा, गावे गाळा. त्यांच्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये वेगळी समिती नेमली, तिने राज्यांशी बसून बोलणी केली.

गाडगीळ समितीपुढे सिंधुदुर्गातल्या पंचवीस ग्रामसभांचे ठरावही आले होते. आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या, आमच्या डोंगरात खाणी नकोत, असे त्यात लिहिले होते. त्या ठरावांसाठी कुठली समिती नेमली गेली नाही.